आवाजाचा खर्च कोणाच्या खाती?

सोलापूर हे रस्त्यांच्या चौफुलीवर वसलेले व्यापारी शहर आहे. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथून जातो, तुळजापूरकडून येणारा रस्ता येथूनच पुढे विजयपूरला निघतो आणि कोल्हापूरकडून सांगोला-मंगळवेढामार्गे येणारा मार्गही येथेच येऊन मिळतो. चादर-टॉवेलच्या गाठी, बाजार समितीतील कांदा, कारखान्यांची साखर हे सारे येथून मालट्रकने बाहेर पडते. ज्या शहराची पेढी ट्रकवर चालते, त्या शहराने ट्रकच्या आवाजाची तक्रार करू नये, असे कोणी म्हणेल. शिवाय सोलापूरचा कान गिरणीच्या भोंग्यावर आणि मागाच्या खडखडाटावर पोसलेला. परंतु त्या आवाजामागे काम होते. मुद्दाम वाढवलेल्या आवाजामागे कोणते काम असते, हा खरा प्रश्न आहे.

सायलेन्सर कापून किंवा त्याच्या पोटातील जाळ्या आणि पडदे काढून तेथे सरळ नळी बसवण्याची हौस बुलेटस्वार तरुणांपुरती राहिलेली नाही. ती मालट्रकपर्यंत पोहोचली आहे. मिस्त्रीला यासाठी कटर आणि वेल्डिंग एवढेच लागते. गाडी सुरू झाली की गुरगुरते, चढावर गडगडते आणि वेग कमी करताना फटाके फुटावेत तसा आवाज करते. ‘गाडी दमदार वाटते’ हे या हौसेचे नेहमीचे समर्थन होय.

हा दम कितपत खरा आहे? सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ७५ वेळा तप्त वायूचा झोत नळीत शिरतो. सायलेन्सरमधील कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या या झोताला पसरू देतात, ध्वनिलहरी एकमेकींवर आदळवतात आणि बऱ्याच अंशी जिरवतात. सरळ नळीत हे काहीच होत नाही. बाहेर येतो तो न जिरलेला आवाज. त्याला इंजिनाची वाढलेली ताकद समजणे म्हणजे दुकानातील गर्दीला नफा समजण्यासारखे आहे. शर्यतीच्या गाडीत मोकळ्या नळीचा थोडा लाभ होतो. पण माल वाहणाऱ्या ट्रकला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक असतो. त्याने शर्यत जिंकायची नसते, माल वेळेवर पोहोचवायचा असतो.

नव्या गाड्यांत तर हा बदल थेट नुकसानीचा ठरतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. तेव्हापासून ट्रकच्या धुराड्याच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी, युरियाच्या द्रावणाने विषारी वायू निवळणारी यंत्रणा आणि त्यांवर लक्ष ठेवणारे संवेदक असतात. यांतील एखादा भाग काढला, की इंजिनाचा संगणक बिघाड नोंदवतो आणि अनेकदा गाडीची ताकद स्वतःहून कमी करतो. आवाज वाढला आणि ओढ घटली, असा उलटा व्यवहार घडतो. उत्पादकाची हमीही धोक्यात येते. कर्जावर घेतलेला ट्रक बँकेकडे तारण असतो. त्याचे मोल घटवणारा बदल हा एका अर्थी तारणाशी केलेली छेडछाड होय. शिवाय नळीचा सांधा कच्चा राहिला तर धूर केबिनमध्ये शिरतो. डिझेलचा धूर कर्करोगास कारण ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे.

आवाजाचे गणित साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले, की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. वीस डेसिबल वाढले, की ऊर्जा शंभरपट होते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. ट्रकच्या आवाजातील घरघर खालच्या पट्टीतील असल्यामुळे बंद खिडकीनेही ती पुरती अडत नाही. तिचा मोबदला रस्त्याकाठच्या घरातील रुग्ण, तान्हे मूल आणि परीक्षेचा विद्यार्थी आपल्या झोपेतून चुकता करतात.

सर्वांत मोठा हप्ता मात्र चालक भरतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. मुंबई-हैदराबादची खेप करणारा माणूस आठ तासांत मोकळा होत नाही. कानाच्या आतील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. ज्याला मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, त्याच्या हाती माल आणि रस्त्यावरील माणसे दोन्ही सोपवलेली असतात.

मालक म्हणेल, सायलेन्सर चालकाने बदलला, त्याला मी काय करू? कायदा ही सबब सहजी मान्य करीत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाने वाहनात परवानगी नसलेला बदल केल्यास प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनी आणि धुराचे मानक मोडणारे वाहन चालवणाऱ्याबरोबरच ते चालवू देणाराही दोषी ठरतो. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. सायलेन्सर टाळून धूर बाहेर सोडण्यास एक हजार आणि पुन्हा तसे केल्यास दोन हजार रुपये दंड वेगळा आहे. पासिंगच्या दिवशी जुना सायलेन्सर चढवायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरवायचा, ही युक्ती रस्त्यावरील तपासणीत टिकत नाही. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये सर्वांनी पाहिली आहेत.

तरीही केवळ दंडाच्या भीतीने ही हौस जाणार नाही. घरापासून आठवडेच्या आठवडे दूर राहणाऱ्या, गोदामाच्या दारात तासन्‌तास ताटकळणाऱ्या आणि ‘ए ड्रायव्हर’ अशी हाक ऐकणाऱ्या माणसाला आपण आल्याचे कोणाला तरी कळावेसे वाटते. ते गाडीच्या गर्जनेतून कळते. व्यापाऱ्याने त्याला नावाने हाक मारली, बसायला जागा आणि प्यायला पाणी दिले, माल उतरवून वेळेवर मोकळे केले, तर त्या गर्जनेची गरज पुष्कळ कमी होईल.

उपाय पेढीच्या हातात आहेत. आपला ट्रक असेल तर दर सर्व्हिसिंगला सायलेन्सर स्वतः पाहावा. भाड्याचा असेल तर वाहतूकदाराशी ठरावातच ‘मूळ सायलेन्सर असलेली गाडी’ ही अट घालावी आणि बिल्टी करताना ती पाळली गेल्याची खात्री करावी. घरातील मुलाने बुलेटसाठी असाच खर्च मागितला, तर त्याला वरील हिशेब मांडून दाखवावा.

१८८२ मध्ये याच सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि भारतीय मोटार उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत स्थान मिळवले. या शहराचे चाकांशी असलेले नाते असे जुने आणि अभिमानाचे आहे. माल शाबूत आणि दिल्या वेळी पोहोचवणाऱ्या गाडीची पत बाजारात आपोआप वाढते. ती पुकारण्यासाठी नळी कापावी लागत नाही. वाढवलेल्या आवाजाच्या खात्यात नावे बाजूला चालकाचे कान, शेजाऱ्याची झोप, गाडीचे आयुष्य आणि मालकाचा दंड एवढ्या रकमा पडतात. जमेच्या बाजूला काही लिहायचे ठरवले, तर लेखणी थांबते.