रात्रपाळी आणि शरीरातील घड्याळ

पुणे-लोणावळा लोकलमार्गावर देहूरोड आणि घोरावाडी यांच्या मधले बेगडेवाडी हे छोटे स्थानक तळेगाव-चाकणच्या औद्योगिक पट्ट्याजवळ असल्याने फिरत्या पाळ्यांचा प्रश्न या परिसराला परका नाही. मेंदूच्या तळाशी, दृष्टीच्या मज्जातंतूंच्या छेदस्थानावर असलेला पेशींचा एक सूक्ष्म पुंजका डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावरून सुमारे 24 तासांचे चक्र, म्हणजेच जैविक घड्याळ, चालवतो; अंधार पडताच मेलाटोनिन हे निद्रेची चाहूल देणारे संप्रेरक स्रवू लागते, तर पहाटे शरीराचे तापमान नीचांकी उतरते आणि नेमक्या त्याच वेळी यंत्रावरील चुका व डुलक्या वाढतात. या घड्याळाची रेणवीय यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 मध्ये नोबेल मिळाले.

घड्याळ पुढे ढकलणे मागे ओढण्यापेक्षा सोपे असल्याने पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने फिरणे हितावह ठरते. तिसऱ्या पाळीनंतर घरी परतताना गॉगल लावावा, खोलीत जाड पडदे असावेत, उत्तररात्री चहा टाळावा, कारण कॅफिनचा अर्धा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात उरतो, आणि मध्यरात्री वडापावऐवजी हलके खावे, कारण रात्री शरीराची साखर पचवण्याची क्षमता मंदावते. झोपेच्या वेळेबाबत घरच्यांचे सहकार्य मात्र पडद्यांहून मोलाचे.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 57 नुसार मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीची सुट्टी पाळी संपल्यापासून सलग 24 तास मोजली जाई. त्यातील मोठा भाग अर्थातच झोपेतच जाई.