जुना संगणक व त्याची नवी कार्यप्रणाली

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या कार्यप्रणालीची नित्याची देखभाल बंद केली. ही प्रणाली ता. २९ जुलै २०१५ रोजीं बाहेर पडली होती; म्हणजे दहा वर्षांहून थोडा अधिक काळ तिची देखभाल चालली. त्या दिवसापासून अनेक घरांत एक चमत्कारिक प्रसंग उद्भवला आहे. संगणक पूर्वीप्रमाणेंच सुरू होतो, मुलांचे निबंध लिहितो, वडिलांचा हिशेब ठेवतो, परगांवच्या नातलगांचे चेहरे दाखवितो. आणि मधूनच पडद्यावर सूचना झळकते कीं, ह्या यंत्रास आतां संरक्षण उरलें नाहीं. ती वाचून कांहीं पालक घाबरतात व नव्या यंत्राच्या किंमतीची चौकशी करूं लागतात; कांहीं ती मिटवून टाकतात व विषयच सोडून देतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग अविचाराचे आहेत. यंत्राचा निकाल करण्यापूर्वीं त्याच्या पोटांत काय चालतें व आपलें काय त्यांत अडकलेलें आहे हें समजून घ्यावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

संगणकाचा प्रोसेसर मोठा चपळ खरा, परंतु आपण होऊन त्यास कांहींच सुचत नाहीं. कळफलकावर बोट पडलें हें कोणास सांगावयाचें, लिहिलेला मजकूर चकतीच्या कोणत्या भागांत ठेवावयाचा, दोन कामें एकदमच छपाईयंत्र मागूं लागलीं तर तें आधीं कोणास द्यावयाचें, हें सर्व पाहणारी जी आज्ञावलि तिला कार्यप्रणाली म्हणतात. शाळेचेंच उदाहरण घेऊं. वर्ग शिक्षक घेतात, धडे विद्यार्थी करतात. परंतु घंटा केव्हां द्यावयाची, कोणता वर्ग कोणत्या खोलींत बसावयाचा, प्रयोगशाळेची किल्ली कोणाच्या हातीं द्यावयाची, ह्याची व्यवस्था कचेरींतून होते. ती व्यवस्था डोळ्यांस दिसत नाहीं. पण एक दिवस ती नसली तर शिकणें व शिकविणें दोन्ही थांबतील. लेखनाचे, चित्रांचे, हिशेबाचे जे प्रोग्रॅम आपण वापरतों ते त्या वर्गांसारखे होत. त्यांस जें जें हवें तें तें ते कचेरीकडे मागतात. म्हणून कार्यप्रणालीची आवृत्ति बदलणें म्हणजे इमारत तीच ठेवून कचेरी बदलणें होय. नव्या कारभाऱ्यास ही इमारत पसंत पडेल कीं नाहीं, व जुन्या वह्या त्यास वाचतां येतील कीं नाहीं, हे दोन प्रश्न तेथूनच उत्पन्न होतात.

आतां ‘देखभाल बंद’ म्हणजे काय? अशी कार्यप्रणाली कोट्यवधि ओळींची असते. इतक्या लिखाणांत चुका राहणारच; आणि त्यांपैकीं कांहीं चुका अशा असतात कीं, त्यांच्या फटींतून दूरवरचा चोर घरांत शिरूं शकतो. फट सांपडली म्हणजे कंपनी तिच्यासाठीं ठिगळ तयार करते, व सामान्यतः प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं अशीं ठिगळें सर्वत्र पाठविते. विंडोज १० च्या वाट्यास नित्य येणारीं हीं ठिगळें थांबलीं. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. विंडोज ११ चा बराचसा पाया विंडोज १० चाच आहे. तेव्हां नव्या आवृत्तीसाठीं ठिगळ प्रसिद्ध झालें, कीं तें कोठें लावलें हें पाहून चोरास जुन्या आवृत्तींतील उघडी फट आयतीच कळूं शकते. ह्यामुळें ठिगळांवांचून राहिलेलें यंत्र आज जितकें सुरक्षित आहे तितकें पुढील वर्षीं असणार नाहीं, मग मधल्या काळांत त्यास कोणीं हातही लावलेला नसो.

ही भीति पोकळ नव्हे. ता. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें अशाच एका फटीसाठीं ठिगळ दिलें. ता. १२ मे २०१७ रोजीं त्याच फटींतून वॉनाक्राय नांवाची घातक आज्ञावलि जगभर पसरली. ती संगणकांतील कागदपत्रें कुलूपबंद करी व सोडविण्यासाठीं खंडणी मागे. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांत रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. विंडोज एक्सपीची देखभाल तर ता. ८ एप्रिल २०१४ रोजींच संपली होती. तिच्यासाठीं कंपनीस अपवाद म्हणून ठिगळ काढावें लागलें. परंतु बाधा झालेल्या यंत्रांपैकीं बहुतेकांवर विंडोज ७ होती, आणि तिचें ठिगळ दोन महिने आधींच तयार होतें. तें लावलेलें नव्हतें इतकेंच. अद्ययावत् करण्याची सूचना आली कीं ‘उद्यां’ म्हणून ती ढकलणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हीं दोन वाक्यें पुनः वाचावीं.

मग सरळ विंडोज ११ कां घेऊं नये? जेथें घेतां येईल तेथें अवश्य घ्यावी; विंडोज १० वरून ती विनामूल्य चढते व घरचीं कागदपत्रें सामान्यतः जागच्या जागीं राहतात. अडचण ही कीं, ता. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं बाहेर पडलेली ही आवृत्ति यंत्राकडे कांहीं नव्या गोष्टी मागते. ४ गिगाबाइट स्मृति व ६४ गिगाबाइट सांठा ही मागणी मामुली आहे; पुष्कळ जुन्या यंत्रांत त्याहून अधिक असतें. खरी अट आहे ती टीपीएम २.० ह्या लहानशा तिजोरीची, जींत संगणकाच्या गुप्त किल्ल्या राहतात, आणि प्रोसेसरच्या पिढीची. इंटेलचे प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचे, मान्य यादींत आहेत. त्याआधींचें यंत्र कितीही धडधाकट असलें तरी तें बहुधा दाराबाहेरच राहतें. तिजोरीमागील सुरक्षिततेचा हेतु आम्हांस मान्य आहे; तरी चालतें यंत्र जन्मवर्ष पाहून बाद करणें आम्हांस कठोर वाटतें.

पुष्कळदां ही तिजोरी यंत्रांत असते, पण मूळ मांडणींत, जिला बायॉस म्हणण्याची चाल आहे, ती बंद ठेवलेली असते. ती चालू करणें पांच मिनिटांचें काम. मात्र कांहीं लॅपटॉपांत चकतीवरील मजकूर आधींच कूटबद्ध केलेला असतो, आणि मांडणींत बदल होतांच यंत्र ४८ अंकांची किल्ली मागूं शकतें. ती कागदावर उतरून घेतल्याशिवाय कोणींही मांडणीस हात लावूं नये. अटी चुकवून विंडोज ११ चढविण्याच्या युक्त्याही चलाख विद्यार्थ्यांस ठाऊक असतात; परंतु अशा यंत्रास पुढील ठिगळें मिळतीलच असें कंपनी कबूल करीत नाहीं, म्हणून घरांतील एकुलत्या एक संगणकावर ती युक्ति आम्ही सुचवीत नाहीं. ज्यांस थोडी उसंत हवी त्यांच्यासाठीं कंपनीनें घरगुती विंडोज १० ला ता. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत केवळ संरक्षणाचीं ठिगळें देण्याची योजना जाहीर केली. तेवढ्यानें मूळ प्रश्न पुढें ढकलला जातो, सुटत नाहीं.

दुसरा मार्ग लिनक्सचा. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या संगणकासाठीं कार्यप्रणालीचा गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. अँड्रॉइड दूरध्वनींत तोच गाभा आहे, तेव्हां लिनक्स नको म्हणणाऱ्या पुष्कळांच्या खिशांत तो आधींच असतो! उबुंटू, लिनक्स मिंट इत्यादि त्याचीं घरगुती रूपें विनामूल्य मिळतात, आणि केरळांतील सरकारी शाळांत संगणकशिक्षण अनेक वर्षें लिनक्सवर चालत आलें आहे. ह्या प्रणालीची मोठी सोय अशी कीं, ती पेनड्राइव्हवर घालून, घरच्या चकतीस स्पर्श न करतां, चालवून पाहतां येते. आवाज निघतो कां, वायफाय जोडलें जातें कां, छपाईयंत्र ओळखलें जातें कां, हें अर्ध्या तासांत कळतें. न पटल्यास पेनड्राइव्ह काढून यंत्र पुनः सुरू करावें, सर्व पूर्ववत्. मात्र टॅलीसारखे विंडोजसाठींच लिहिलेले प्रोग्रॅम तेथें सरळ चालत नाहींत. आणि वर्डमध्यें केलेला मजकूर लिब्रेऑफिसमध्यें उघडतो खरा, तरी त्यांतील तक्ते व समास कधीं कधीं हलतात.

येथवरच्या गोष्टी कोणत्याही देशांतील कुटुंबास लागू आहेत. मराठी घरांत मात्र जुन्या वह्यांचा प्रश्न निराळाच असतो, व आम्हांस तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण यंत्र दुकानांत मिळतें, आजोबांनीं टंकलेल्या आठवणी मिळत नाहींत.

युनिकोड रूढ होण्यापूर्वीं, व पुढेंही पुष्कळ वर्षें, मराठी मजकूर कृतिदेव, पुण्याची श्रीलिपि अशा साधनांच्या फाँटांत लिहिला जाई. त्या फाँटांत एक सोंग असे. संगणकाच्या दृष्टीनें तेथें मराठी नसतेच. कृतिदेवमध्यें ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर फायलींत प्रत्यक्षांत ई, जे, के, बी, एच हीं पांच इंग्रजी अक्षरें सांठविलीं जातात. ‘ई’ च्या जागीं ‘म’ चें चित्र, ‘जे’ च्या जागीं ‘र’ चें, ‘के’ च्या जागीं काना, असा पोषाख तो फाँट त्यांस चढवितो. शिवाय ही मांडणी टंकलेखनयंत्राच्या वळणावर बसविलेली होती. म्हणून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं टंकावी लागे, आणि ‘धर्म’ ह्या शब्दांतील रफार ‘म’ च्या नंतर. युनिकोडची पद्धति निराळी. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीच्या वर्णांस स्वतःचे क्रमांक आहेत. अक्षर कसें दिसावें हें फाँट ठरवितो, पण तें कोणतें हें क्रमांक ठरवितो. त्यामुळें युनिकोडांतील पत्र विंडोजवर उघडा, लिनक्सवर उघडा किंवा दूरध्वनीवर, तें मराठीच दिसतें. जुनी फायल मात्र, जेथें तिचा फाँट नाहीं अशा नव्या यंत्रावर उघडली कीं, इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ पुढें येतो. फायल बिघडली असें समजून माणसें ती पुसून टाकतात. ती बिघडलेली नसते. तिचा पोषाख तेवढा मागें राहिलेला असतो.

ह्यावरील उपाय जुनें यंत्र चालतें आहे तोंवरच करावा, कारण खरा मजकूर कसा होता हें सांगणारा साक्षीदार तेंच. प्रथम त्या यंत्रावरच महत्त्वाच्या प्रत्येक कागदाची पीडीएफ प्रत करावी. पीडीएफमध्यें फाँट सोबत बांधून नेतां येतो, म्हणून ती दुसरीकडेही जशीच्या तशी दिसते. ती एकदां दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री करावी. नंतर रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीनें मूळ मजकूर युनिकोडांत आणावा. कृतिदेव व श्रीलिपि ह्यांच्या मांडण्या भिन्न आहेत. एकीसाठीं केलेली आज्ञावलि दुसरीस चालत नाहीं. रूपांतरांत वेलांट्या व रफार ह्यांच्या जागा उलटाव्या लागतात, तेव्हां चुका बहुधा तेथें व जोडाक्षरांत सांपडतात. कुळाची वंशावळ, सोसायटीचीं इतिवृत्तें, आजीनें सांगितलेल्या लोणच्यांचीं प्रमाणें, असा जो कांहीं ठेवा असेल तो मुलांनीं पीडीएफ शेजारीं ठेवून ओळीओळीनें ताडून पाहावा. सुटींतील ह्याहून चांगलें काम आम्हांस सुचत नाहीं. पुढील लेखन इनस्क्रिप्ट कळफलकावर करावें. हा भारतीय लिपींसाठीं ठरविलेला प्रमाण कळफलक विंडोज व लिनक्स ह्या दोहोंत असतो, त्यामुळें कार्यप्रणाली बदलली तरी बोटांस पुनः शिकावें लागत नाहीं.

सर्व फायलींच्या दोन प्रती दोन ठिकाणीं असाव्या, व त्यांपैकीं एक तरी यंत्रास सदैव जोडलेली नसावी. लिनक्स बसवितांना सर्व चकती पुसावी कीं तिचे भाग पाडून दोन्ही प्रणाली ठेवाव्या असें विचारलें जातें. त्या प्रश्नावर घाईनें ‘होय’ म्हणणें फार महाग पडतें. यंत्रांत अद्याप जुन्या पद्धतीची फिरती चकती असेल तर तिच्या जागीं एसएसडी घालून नवी प्रणाली त्यावर बसवावी, असें आम्ही सुचवूं. यंत्राचा वेग पुष्कळ वाढतो. शिवाय जुनी चकती आहे तशी कपाटांत राहते, आणि कांहीं राहून गेलें असें सहा महिन्यांनीं आढळलें तर ती पुनः जोडतां येते.

कधीं एखादा जुना स्कॅनर किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीवरच चालतो. तेथें आवृत्ति न बदलणेंच बरें. त्या यंत्राचें आंतरजालाशीं नातें तोडावें, अनोळखी पेनड्राइव्ह त्यास लावूं नये, आणि बँकेचें व पत्रव्यवहाराचें काम दुसऱ्या यंत्रावर करावें. जें यंत्र खरोखरच निकामी झालें असेल तें देऊन टाकण्यापूर्वीं त्यांतील चकती काढून घ्यावी. फिरत्या चकतीवरील फायल पुसली म्हणजे सामान्यतः तिची यादींतील नोंद तेवढी जाते. मजकूर बराच काळ मागें राहतो व जाणत्यास तो वाचतां येतो. उरलेलें यंत्र भंगाराच्या हातगाडीवर न टाकतां नोंदणी झालेल्या ई-कचरा केंद्राकडे द्यावें.