चाल, मणका आणि डोक्यातले पाणी

वार्धक्यात चाल बिघडवणारे तीन आजार एकाच शरीरात नांदू शकतात: मानेतील मज्जारज्जूवरचा दाब, कंबरेतील मणक्यांच्या पोकळीचे आकुंचन आणि मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचूनही दाब फारसा न वाढणारा 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस'. तिन्हींत लघवीवरचा ताबाही सुटू शकतो. पुण्याच्या धायरीतल्या पंचाहत्तरीच्या गृहस्थांना चढ चढवेनासा झाला की घरचे 'वय झाले' म्हणतात, शेजारी 'मणक्यात गॅप' म्हणतात. कंबरेच्या एमआरआयमध्ये गॅप सापडतेही, कारण त्या वयात मणक्यांची झीज बहुतेकांना असतेच. शोध तिथेच थांबवणे ही या विषयातली सर्वांत महाग पडणारी चूक.

कंबरेचे दुखणे हेंक फर्बीस्ट या डच शल्यविशारदाने 1954 मध्ये स्पष्ट केले. डोक्यातल्या पाण्याचे बोगोटाच्या सॉलोमन हकीम यांनी रेमंड अ‍ॅडम्स यांच्यासह 1965 मध्ये. मज्जारज्जूच्या बाबतीत मुंबईचा वाटा मोठा. जे. जे. रुग्णालयाचे नोशीर वाडिया यांनी मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा जन्मतःच सरकल्याने मज्जारज्जू दबलेल्या 28 रुग्णांचा अभ्यास 1967 मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात मांडला. तेव्हा सीटी नव्हते, एमआरआय नव्हते. रुग्णाला चालवून, हातोडीने तपासून निदान करण्याचा तो काळ. आज रुग्णाआधी त्याची सीडी टेबलावर येते आणि पुष्कळदा रुग्णाला खुर्चीतून उठवलेही जात नाही.

खरे तर अर्धे निदान चालीत असते. पाणी साचलेल्याचे पाय फाकलेले, पावले आखूड, जमिनीला चिकटल्यासारखी. वळायला त्याला बरीच पावले लागतात, पण हात बऱ्यापैकी हलतात. पार्किन्सनमध्ये ते हलायचे थांबतात. विचार मंदावणे, विसर पडणे ही खूणही डोक्याचीच. मान किंवा कंबर ती देत नाही. मान दबलेल्याचे पाय ताठ पडतात आणि मुख्य साक्ष हात देतात: सदऱ्याची बटणे लागत नाहीत, भात कालवताना बोटे वळत नाहीत. मधल्या बोटाचे नख टिचकवल्यावर अंगठा आत वळला, तर मानेचा एमआरआय टाळू नये. कंबरेच्या रुग्णाच्या पोटऱ्या चालताना भरून येतात. बसला किंवा पुढे वाकला की तो मोकळा होतो, सायकलही चालवतो.

आजार एकत्र आले की खुणा एकमेकींना पुसतात. मान दबल्याने गुडघ्याचा झटका वाढायला हवा. कंबरेच्या नसा दबलेल्या असतील तर तो वाढत नाही आणि मान निर्दोष ठरते. शंट, म्हणजे डोक्यातले जास्तीचे पाणी वळवणारी झडपेची नळी, बसवून उपयोग होईल का हे पाणी काढून पाहण्याच्या चाचणीतही हीच अडचण. कंबरेतून 30 ते 50 मिली पाणी काढायचे, आधी आणि नंतर दहा मीटर चालायला लागणारा वेळ मोजायचा. त्यासाठी टेप, घड्याळ आणि एक मोकळा व्हरांडा पुरतो. पण आकुंचित कंबरेत सुईला पाणी लागेलच असे नाही, आणि मानेने पाय जखडले असतील तर पाणी काढूनही चाल सुधारत नाही. म्हणून एका नकारार्थी चाचणीवर शंट नाकारणे चूक आहे.

शंटचा गुण म्हणजे मनाची समजूत, असे म्हणणारा एक गट वर्षानुवर्षे होता. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्याला उत्तर दिले. 99 रुग्णांना शंट बसवला; काहींची झडप उघडी ठेवली, काहींची जवळपास बंद. तीन महिन्यांनी चालण्याचा वेग उघड्या झडपेच्या गटातच ठळकपणे वाढला.

मानेचा दाब वाढत असेल तर सहसा मानेची शस्त्रक्रिया आधी, कारण मज्जारज्जूचे गमावलेले बळ पूर्ण परतेलच असे नसते. शंटनंतर चाल सुधारून मध्येच अडली, तर झडपेइतकाच मानेचा व कंबरेचाही विचार करावा लागतो. शाहजहानपूरला बनणारा छाब्रा शंट स्वस्त पडतो, पण त्याच्या नेहमीच्या झडपेचा दाब ठरलेला असतो. बाहेरून दाब बदलता येणाऱ्या झडपा महाग. त्यांतल्या अनेकांचा ठरवलेला दाब मणक्याच्या एमआरआयनंतर पुन्हा तपासावा लागतो. शंट बसवलेल्याला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णाची डोकेदुखी वाढली किंवा एक बाजू लुळी पडू लागली, तर त्याच दिवशी डोक्याचा सीटी काढावा लागतो.