कायदा राज्याचा, कुलूप नगरपालिकेचं

नोव्हेंबर 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 215 मंजूर केलं आणि डॉक्टरांची शिफारस असलेल्या रुग्णाला गांजा बाळगायची, पिकवायची मुभा मिळाली. या मागणीचा जोर सॅन फ्रान्सिस्कोतल्या एड्सच्या रुग्णांमुळे वाढला होता. अन्नावरची वासना उडालेल्या, पोटात काही न ठरणाऱ्या या माणसांना गांजामुळे चार घास जात. डेनिस पेरॉन यांनी त्यांच्यासाठी क्लब काढला. ‘ब्राउनी मेरी’ नावाने शहराला ठाऊक असलेल्या मेरी रॅथबन या वृद्ध बाई गांजा घातलेल्या ब्राउनी भाजून रुग्णांना वाटायच्या आणि त्यापायी अटकही झेलायच्या.

पण रुग्णाने गांजा आणायचा कुठून, याबद्दल त्या कायद्यात धड काही नव्हतं. 2003 च्या पुढच्या कायद्याने रुग्णांच्या सहकारी मंडळांना वाट करून दिली. दुकान कुठे असावं, किती असावीत, असावीत की नसावीत, हे सगळं शहरांच्या आणि काउंटींच्या अंगावर आलं. केंद्राच्या 1970 च्या कायद्यानुसार गांजा तर गुन्हाच होता आणि 2005 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा राज्यांच्या सवलतीपेक्षा वरचढ असल्याचं सांगितलं.

ओकलंडने वेळ घालवला नाही. 2004 मध्येच शहराने नियम केले आणि चार दुकानांना परवाने द्यायचं ठरवलं. 2009 मध्ये तिथल्या मतदारांनी दर हजार डॉलरच्या विक्रीवर 18 डॉलर कर लावला. गांजाच्या दुकानांवर असा खास कर लावणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर.

लॉस एंजेलिसची कथा मात्र जीव कासावीस करणारी आहे. 2007 मध्ये नगर परिषदेने नव्या दुकानांना तात्पुरती बंदी घातली, पण अडचण दाखवून सूट मागायची एक फट ठेवली. लोकांनी अर्ज केले, निर्णयाची वाट न बघता शटर वर केलं आणि दुकानं शेकड्यांवर गेली. 2010 मध्ये नवा नियम आला: शाळा, बागा, वाचनालयं, प्रार्थनास्थळं यांच्यापासून 1000 फूट, म्हणजे सुमारे 305 मीटर अंतर हवं, घरांच्या वस्तीला लागून दुकान नको, रात्री आठला बंद. दाट वस्तीच्या शहराच्या नकाशावर ही वर्तुळं काढली, की उरते ती थोडीशी जागा, बहुतेक कारखान्यांच्या पट्ट्यात. केमोथेरपी घेऊन आलेल्या बाईने तिथे जायचं कसं, याचं उत्तर नियमात नव्हतं. 2012 मध्ये परिषदेने दुकानांवर बंदीच घातली. विरोधकांनी सार्वमतासाठी सह्या गोळा केल्यावर काही महिन्यांतच ती मागे घेतली. अखेर मे 2013 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन डी स्वीकारलं. 2007 च्या तात्पुरत्या बंदीपूर्वीच्या, नोंदणी केलेल्या सुमारे 135 दुकानांवर कारवाई नाही, बाकीच्यांनी गाशा गुंडाळायचा.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात एक बेकायदा दुकान बंद झालं, की दुसरीकडे नवं उघडायचं. नियमाने चालणारी दुकानंही सुखात नव्हती. केंद्राच्या भीतीने बँका खाती देत नसत, म्हणून महापालिकेचा कर भरायला माणसं नोटांची बंडलं घेऊन खिडकीपुढे उभी राहत.

त्याच मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रिव्हरसाइड शहराच्या खटल्यात एकमताने निकाल दिला: जमीनवापराच्या नियमांखाली शहराला अशी दुकानं पूर्णपणे नाकारता येतात. आपल्याकडे आडव्या बाटलीला मत देऊन बायका दारूचं दुकान बंद करतात. वस्तीचा तो हक्क मला मनापासून मान्य आहे. पण दारू हे कोणाचं औषध नाही. कर्करोगाच्या रुग्णाला राज्याने दिलेला हक्क गावच्या वेशीवर संपावा, हे मला पटत नाही. मोजकी दुकानं, कडक तपासणी, स्पष्ट नियम आणि तेही वेळेवर, हा ओकलंडचा रस्ताच शहाणपणाचा होता.

2016 मध्ये प्रौढांसाठी गांजा सरसकट खुला झाला, तरी दुकान नाकारायचा स्थानिक अधिकार कायम राहिला. राज्यातल्या निम्म्याहून अधिक शहरांनी आणि काउंटींनी तो वापरला. शेवटी 2022 मध्ये विधिमंडळाने कायदा केला. 1 जानेवारी 2024 पासून रुग्णाच्या घरी औषधी गांजा पोचवण्यावर कोणत्याही शहराला बंदी घालता येत नाही.