27,500 मतांचं काय झालं?

24 ऑक्टोबर 2019 ला लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघाची मतमोजणी संपली, तेव्हा काँग्रेसचे धीरज देशमुख 1,35,006 मतं घेऊन निवडून आले होते. त्यांच्या खालोखाल 27,500 मतं होती, पण ती कुठल्याच माणसाची नव्हती. ती नोटाची होती. शिवसेनेचे सचिन देशमुख साडेतेरा हजारांच्या आसपास थांबून तिसरे आले. त्याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावमध्येही विश्वजीत कदमांच्या खालोखाल 20,631 मतं घेऊन नोटाच होता. राज्यभरात नोटाला दीड टक्क्याच्याही आत मतं पडली असताना लातूर ग्रामीणमध्ये मात्र मत देणाऱ्या साधारण दर सात जणांपैकी एकाने 'यातला कुणीच नको' असं सांगितलं. त्या सांगण्याचं पुढे काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

'नन ऑफ द अबव्ह' या शब्दांच्या आद्याक्षरांचा नोटा झाला आणि आता तो खेड्यापाड्यांतही रुळला आहे. मतदान यंत्रावर सगळ्या उमेदवारांच्या खाली शेवटचं बटण त्याचं असतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने तयार केलेलं चिन्ह 2015 पासून त्याच्यासमोर असतं: मतपत्रिका आणि तिच्यावर काळी फुली. बटण दाबलं की इतर मतांसारखाच आवाज येतो, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे तशीच चिठ्ठी दिसते. खोलीत बसलेल्या पोलिंग एजंटाला तुम्ही काय केलंत याचा पत्ता लागत नाही.

ही गुप्तता सहज मिळालेली नाही. आधीही उमेदवार नाकारता यायचे, पण 1961 च्या निवडणूक नियमांतल्या 49-ओ या कलमाखाली. नोंदवहीत सही करायची, बोटाला शाई लावून घ्यायची आणि मग केंद्राध्यक्षाला तोंडाने सांगायचं की मला मत द्यायचं नाही. ते तशी नोंद करायचे आणि तिच्याखाली पुन्हा सही किंवा अंगठा घ्यायचे. हे सगळं गावातल्या शाळेच्या खोलीत, प्रत्येक पक्षाचा माणूस समोर बसलेला असताना! संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने 2004 मध्ये याविरुद्ध याचिका केली. सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या पीठाने 27 सप्टेंबर 2013 ला निकाल दिला: उमेदवार नाकारणाऱ्यालाही गुप्ततेचा तोच हक्क आहे, त्यामुळे यंत्रावर बटण द्या.

मोजणीच्या टेबलावर मात्र हे मत वेगळं पडतं. नोटाची मतं मोजली जातात, जाहीरही होतात, पण ती वैध मतांत धरली जात नाहीत. लोकसभा-विधानसभेला नोटा पहिला आला तरी उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं, तोच विजयी. अनामत रक्कम वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा ओलांडावा लागतो, आणि त्या हिशेबातही नोटा नसतो. लातूर ग्रामीणचंच बघा. एकट्या धीरज देशमुखांच्या मतांचा सहावा हिस्सा साडेबावीस हजार होतो. बाकीच्यांची मतं मिळवल्यावर ती रेषा आणखी वर जाते. साडेतेरा हजारांवर सचिन देशमुखांची अनामत जाणारच होती, नोटा असता काय नि नसता काय. आणि रिंगणात एकच उमेदवार उरला तर मतदानच होत नाही, मग बटण कुठलं? 2024 ला सुरतेत खासदार बिनविरोध निवडून आला आणि तिथल्या मतदाराला नाराजी नोंदवायलाही जागा उरली नाही.

मग लातूर ग्रामीणमध्ये नोटाला एवढी मतं आली कुठून? ही जागा भाजप-शिवसेना युतीत शिवसेनेला सुटली होती. 2014 ला इथून लढलेले भाजपचे रमेश कराड बाजूला राहिले आणि त्यांच्या कार्यकर्त्यांची नाराजी लपून राहिली नव्हती. पंजाला मत द्यायचं नाही, वरून आलेला उमेदवार मान्य नाही, मग उरतं शेवटचं बटण. सगळेच उमेदवार नालायक वाटणारा, राजकारणाला विटलेला मतदार या आकड्यात थोडाच असावा, असं माझं मत आहे. हा बराचसा पक्षाच्या माणसांनी आपल्याच पक्षाला धाडलेला निरोप होता. पाच वर्षांनी, 2024 ला, कराड स्वतः कमळावर उभे राहिले आणि साडेसहा हजारांच्या फरकाने धीरज देशमुखांना हरवून निवडून आले.

लातूरकरांना नाराजी दाखवण्याची रीत नोटाने शिकवलेली नाही. इथली जुनी रीत म्हणजे पाडणे. 1995 ला याच लातूरने विलासराव देशमुखांना पाडून शिवाजीराव कव्हेकरांना निवडून दिलं. 2004 ला सात वेळा खासदार राहिलेले शिवराज पाटील चाकूरकर रूपाताई पाटील निलंगेकरांकडून हरले. (ते तरीही देशाचे गृहमंत्री झाले, हा भाग निराळा.) पाडायला समोर दुसरा उमेदवार लागतो. तो पसंत असला-नसला तरी त्याला दिलेलं मत मोजणीत धरलं जातं. 2024 च्या नांदेड लोकसभा पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण अवघ्या 1,457 मतांनी जिंकले. अशा अटीतटीच्या लढतीत शेवटचं बटण दाबणारा माणूस निर्णय दुसऱ्यांवर सोपवून घरी जातो.

नोटाने निकाल बदलत नाही, याला एक अपवाद आहे आणि तो आपल्याच राज्यातला आहे. पुणे जिल्ह्यातल्या मानकरवाडी ग्रामपंचायतीत 330 पैकी 204 मतं नोटाला पडली, तरी निवडून आला तो माणूसच. असे प्रकार पाहून महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला: महापालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतीत एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली, तर कुणालाही विजयी घोषित करायचं नाही, त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक घ्यायची. हीच तरतूद देशभर लागू करावी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली आणि एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने केंद्रीय निवडणूक आयोगाला नोटीस काढली.

म्हणजे लातूर ग्रामीणमधल्या रेणापूरच्या मतदाराने विधानसभेला दाबलेलं नोटाचं बटण फक्त आकडेवारीत जातं, आणि त्याच मतदाराने नगरपंचायतीला दाबलेलं तेच बटण निवडणूक रद्द करू शकतं. मतदानाला जाताना निवडणूक कशाची आहे, तेवढं आधी बघून ठेवा.