व्हॉल्व्ह स्प्रिंगची उंची

व्हॉल्व्ह उघडतो कॅम, बंद करते स्प्रिंग. कॅमचा उंचवटा ढकलू शकतो, ओढू शकत नाही. उंचवट्याचा माथा ओलांडल्यावर व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगच्या माथ्यावरची टोपी), रॉकर, पुशरॉड आणि टॅपेट ही सगळी साखळी कॅमला चिकटून परत यावी लागते आणि ती आणणारी फक्त स्प्रिंग असते. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असेल तर कॅमशाफ्ट ३००० घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो.

फेऱ्या वाढल्या की या साखळीचा जडत्वाचा जोर वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० वरून ७००० वर जाताना वेग जेमतेम १७ टक्के चढतो, जोर मात्र ३६ टक्के. स्प्रिंग अपुरी पडली की टॅपेट कॅमपासून सुटतो आणि व्हॉल्व्ह ‘फ्लोट’ होतो. तो उशिरा सीटवर आदळतो, उसळतो, सिलिंडरमधला दाब निसटतो. वाईट प्रसंगी पिस्टनच त्याला गाठतो.

शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये १९९७ साली आलेले एलएस१ हे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन स्प्रिंग निवडण्याच्या कामाचे चांगले उदाहरण आहे. त्यात कॅम ब्लॉकमध्ये आहे आणि रॉकरचे गुणोत्तर १.७. कॅमवरचा ८ मिलिमीटरचा उंचवटा व्हॉल्व्हपाशी १३.६ मिलिमीटर होतो. ताकद वाढवताना बहुतेक जण आधी कॅम बदलतात, आणि कॅम बदलला की स्प्रिंग बदलणे ओघाने येते. २००१ च्या झी०६ कॉर्व्हेटमधल्या एलएस६ इंजिनाची स्प्रिंग एलएस१ मध्ये सरळ बसते. सुमारे १४ मिलिमीटर लिफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उघडेपर्यंत, ती पुरते. त्यापुढे जास्त लिफ्ट सोसणाऱ्या, बऱ्याचदा दुहेरी, स्प्रिंगकडे वळावे लागते.

सर्वांत कडक स्प्रिंग घालून मोकळे होणे ही हमखास होणारी चूक. जादा ताणाने कॅम आणि टॅपेट झिजतात, पुशरॉड लवतात, हायड्रॉलिक टॅपेट दबून लिफ्ट घटते. शिवाय ‘सर्ज’ नुसत्या कडकपणाने आटोक्यात येत नाही. ठरावीक वेगाला स्प्रिंगची वेटोळी स्वतःच्या लयीत थरथरू लागतात आणि तिचा दाब बेभरवशाचा होतो. वर निमुळत्या होत जाणाऱ्या बीहाइव्ह स्प्रिंगमध्ये सगळी वेटोळी एका लयीत सापडत नाहीत, आणि वरचा रिटेनरही लहान, हलका राहतो. दुहेरी स्प्रिंगमध्ये आतली बाहेरचीला घासून ती थरथर शमवते.

खरे कौशल्य स्प्रिंग बसवण्याच्या, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असतानाच्या, उंचीत आहे. कारण स्प्रिंगचा दाब नेहमी एखाद्या उंचीलाच सांगता येतो. उंचीशिवाय तो आकडा निरर्थक. एलएस१ मध्ये बसवण्याची उंची ४५.७ मिलिमीटर धरतात. समजा, या उंचीला स्प्रिंगचा दाब ५० किलो आहे आणि प्रत्येक मिलिमीटर दाबल्यावर तो ७ किलो वाढतो. १४ मिलिमीटर लिफ्टला दाब १४८ किलो होईल आणि उंची ३१.७ उरेल. वेटोळी एकमेकांना टेकून स्प्रिंग घट्ट होण्याची, म्हणजे ‘कॉइल बाइंड’ची उंची ३० असेल, तर १.७ मिलिमीटर शिल्लक राहते. तेवढे पुरे, १ मिलिमीटरच्या खाली जाणे धोक्याचे.

आता सीट कापून घेतल्यामुळे व्हॉल्व्ह ०.८ मिलिमीटर आत बसला, तर दांड्याचे टोक तितकेच वर येते, उंची ४६.५ होते आणि दाब ४४.४ किलोवर उतरतो. स्प्रिंगखाली ०.८ ची शिम, म्हणजे पातळ चकती, घातली की हिशेब जुळतो. उंची कमी भरली तर शिम निरुपयोगी. मग स्प्रिंगची बैठक खोल करावी लागते किंवा वेगळ्या बेताचा रिटेनर घ्यावा लागतो.

मोजणीसाठी स्प्रिंग न घालता व्हॉल्व्ह, रिटेनर आणि त्याला दांड्यावर अडकवणारे लॉक बसवतात, रिटेनर वर ओढून धरतात आणि बैठकीपासून रिटेनरच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर घेतात. सोळाही व्हॉल्व्ह स्वतंत्र मोजावेत. एकाचे माप दुसऱ्याला लावणे म्हणजे अंदाजाने काम करणे. पूर्ण लिफ्टला रिटेनर गाइडवरच्या ऑइल सीलपासून किमान दीड मिलिमीटर दूर राहतो ना, हेही याच वेळी पाहतात. नंतर प्रत्येक स्प्रिंग टेस्टरवर त्याच उंचीला दाबून तिचा दाब नोंदवून ठेवतात. नवी स्प्रिंग पहिल्यांदा तापून निवल्यावर थोडी बसते, तेवढे चालते. पुढे कधी हेड उतरले आणि एखादीचा दाब नोंदीपेक्षा दहा टक्क्यांनी घटलेला दिसला, तर शिम वाढवून ती ओढत नेऊ नये, बदलावी.