हौशी खेळाडूची रॅकेट

बॅडमिंटनच्या रॅकेटची लांबी 680 आणि रुंदी 230 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे नियम सांगतो. वजनावर मर्यादा नाही. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी 1956 मध्ये क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा रॅकेट लाकडाच्या होत्या. आजच्या कार्बन ग्राफाइटच्या रॅकेट बहुधा 80 ते 89 ग्रॅमच्या असतात. स्वस्त ग्राफाइट आणि महागडी रॅकेट वजनात जवळपास सारख्याच भरतात. फरक असतो तो शाफ्टच्या ताठपणात, फ्रेमच्या मजबुतीत आणि डोक्याकडे किती भार ठेवला आहे यात.

बेंगळुरूच्या बनशंकरीसारख्या वस्त्यांत तासाच्या भाड्याने कोर्ट घेऊन डबल्स खेळणाऱ्यांसाठी हा फरक मोलाचा ठरतो का, हे हाताच्या वेगावर अवलंबून असते. ताठ शाफ्ट फटक्याच्या क्षणी वाकून पुन्हा सरळ व्हायला हात आणि मनगट फार वेगाने फिरावे लागतात. तो वेग नसेल तर शटल नेटपलीकडे अर्ध्यातच पडते आणि खांदा मात्र दुखू लागतो. मध्यम वेगाच्या खेळाडूला लवचिक शाफ्टची, मध्यम किमतीची रॅकेट अधिक साथ देते.

रॅकेटपेक्षा जास्त परिणाम गटिंगचा, म्हणजे रॅकेटवर ताणून बसवलेल्या तारांच्या जाळीचा होतो. व्यावसायिक खेळाडू 28 पौंड किंवा त्याहून अधिक ताण ठेवतात. हौशी खेळाडूला 20 ते 24 पौंड पुरतात. सैल जाळी शटलला उसळी देते, घट्ट जाळी नेमकेपणा देते. पण घट्ट जाळीवर शटल मधोमध न लागता फ्रेमजवळ लागले, की तार तिथेच तटकन तुटते. रॅकेट नुसती टांगून ठेवली तरी तारांचा ताण उतरत जातो. त्यामुळे जुन्या रॅकेटला नवे गटिंग केले की ती बदलल्यासारखी वाटते.

शटलची निवड तर गावाच्या उंचीवर ठरते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच आहे. इथली हवा विरळ असल्याने मुंबईत नीट चालणारे शटल इथे लांब जाते. पिसांच्या शटलच्या डब्यावर 76, 77 असे वेगाचे आकडे असतात; उंचावर कमी आकड्याचे, म्हणजे संथ शटल घ्यावे. त्याची चाचणी सोपी आहे: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारलेले शटल समोरच्या मागच्या रेषेच्या 530 ते 990 मिलिमीटर अलीकडे पडले पाहिजे. त्याहून पुढे गेले तर चांगल्या रॅकेटचा चांगला फटकाही बाहेर जातो.

सर्वांत आधी पैसे घालावेत ते बुटांवर. धावण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते. बाजूला झेप घेताना घोटा त्यावरून मुरगळतो. बॅडमिंटनच्या बुटांचा तळ सपाट असतो आणि त्याचे रबर मॅटवर पकड घेते.

बॅडमिंटनपटू प्रकाश पदुकोण 1980 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकले. त्यांचा सुरुवातीचा सराव बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या कॅनरा युनियनच्या लग्नाच्या हॉलमध्ये झाला होता. साधनांची उणीव सरावाने बऱ्याच अंशी भरून निघते. सरावाची उणीव महागड्या साधनांनी भरत नाही. म्हणून हौशी खेळाडूने बूट, शटल, गटिंग, ग्रिप या क्रमाने खर्च करावा. फ्रेमला तडा गेला, किंवा हाताचा वेग वाढून शाफ्ट फारच लवचिक वाटू लागला, तरच नवी रॅकेट घ्यावी.